कोई पॉइंट?

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पलटणीत महिन्यातून एकदा सैनिक संमेलन भरायचं. जुनी माणसं त्याला दरबारच म्हणायची. जवान रांगेने मांडी घालून बसलेले, समोर साहेब. सुट्टीचं, लंगरचं, शिस्तीचं बोलून झालं की साहेब शेवटी विचारायचे, "कोई पॉइंट?" आणि सगळी कंपनी एका सुरात ओरडायची, "नहीं साब!"

आप्पांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत ते 'नहीं साब' किती वेळा म्हटलं असेल, याची मोजदाद नाही. पण १९७६ सालच्या एका दरबारात त्यांच्या पोटात पॉइंट होता. शेजारी बसलेल्या दोस्ताला तो माहीत होता. त्याने कोपराने ढोसलंही. आप्पा उठले नाहीत. सगळ्यांबरोबर ओरडले आणि उठून बॅरकीत गेले.

ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा माझी स्वतःची नोकरी लागून दहा वर्षं झाली होती. मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. भरतीची तयारी करणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. पहाटे धावून आलेली, पहिल्या तासाला डोळे मिटणारी. त्यातल्या एकाने विचारलं होतं, "मॅडम, आत गेल्यावर पुढचं शिकता येतं ना?" मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी घरी येऊन आप्पांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतं. पण कोणाच्या तरी सहीने येतं."

आप्पा १९७२ साली भरती झाले. जुन्या अकरावीचे मॅट्रिक, गणित चांगलं, अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरानेच त्यांचा घात केला, असं आई म्हणते. कंपनीत कागदपत्रं सांभाळणारा एक जवान असतो, त्याला राइटर म्हणतात. तो क्लार्कच्या ट्रेडचा नसतो, असतो रायफलवालाच. पण सुट्टीचे अर्ज, हजेरी, राशनचा हिशेब, सगळं त्याच्या हातून जातं. दीड वर्षात आप्पा राइटर झाले. कंपनी तेव्हा पूर्वेकडच्या डोंगरात होती. दिवसा कागद आणि रात्री संतरी ड्यूटी.

तिथे एज्युकेशन कोअरचा एक हवालदार होता, जवानांना बढतीच्या परीक्षांसाठी नकाशावाचन आणि हिंदी शिकवणारा. त्याने आप्पांना आर्मी कॅडेट कॉलेजबद्दल सांगितलं. शिपाई, नाईक, हवालदार अशा खालच्या रँकमधल्या माणसांना अधिकारी होण्याची ही वाट. लेखी परीक्षा, मग सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, मग कॉलेजातलं शिक्षण, मग डेहराडूनची अकादमी आणि खांद्यावर तारा. हे कॉलेज त्या वेळी पुण्यात होतं. १९७७ साली ते डेहराडूनला गेलं. आप्पांना पुण्याचंच अप्रूप जास्त. घर इतक्या जवळ आणि आपण कॅडेट!

हवालदाराने इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक दिलं. त्याची पहिली सोळा पानं नव्हती. पेट्रोमॅक्सच्या उजेडात आप्पा सतराव्या पानापासून इंग्रजी शिकले. आजही ते काळाचे प्रकार बिनचूक सांगतात, पण नामाची व्याख्या विचारली की अडखळतात. ती त्या सोळा पानांत होती.

या परीक्षेला जवान स्वतःहून बसू शकत नाही. अर्ज युनिटमधूनच जातो, कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते. आणि सीओपर्यंत पोचण्याआधी तो कंपनी कमांडरच्या टेबलावरून जातो. आप्पांचा अर्ज तिथवर पोचला. सीनियर जेसीओ, म्हणजे कंपनीच्या सुभेदार साहेबांनी त्यांना आत बोलावलं नाही, पण तंबूची कनात ती काय, आतलं बाहेर ऐकू येतं. कंपनी कमांडर म्हणाले, "लड़का अच्छा है. इसको रोक लो. ये चला गया तो कंपनी का काग़ज़ कौन देखेगा?"

झालं एवढंच. कोणी रागावलं नाही, अपमान केला नाही. उलट त्या महिन्यात आप्पांना शाबासकी मिळाली.

ज्यांचे अर्ज पुढे गेले त्यांची यादी कंपनीतून बटालियन हेडक्वार्टरला पाठवायची होती. ती यादी लिहिली राइटरने. म्हणजे आप्पांनी. त्या मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी दुसऱ्या दोघांची नावं लिहिली, खाली रेघ मारली, सहीसाठी नेऊन ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. तिसऱ्या वर्षी त्यांनी अर्जच केला नाही.

मी त्यांना विचारलं, "नाकारल्याचा काही कागद?"

"कागद कशाचा? नाही कोणी म्हटलंच नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कागद असता तर त्यावर दाद मागता आली असती. आमच्या घरातल्या चार पिढ्या पलटणीशी बांधलेल्या आहेत, आणि मागे जाऊन पाहिलं तर आप्पांच्या वाट्याला जे आलं, ते माझ्या खापरपणजोबांच्या काळी लष्कराने आमच्या सबंध जातीला केलं होतं. तेव्हा मात्र ते कागदावर होतं.

आम्ही दापोलीकडचे. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. तिथे पेन्शनरांची वस्ती होती. मुंबई लष्करातून निवृत्त झालेले महार शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईपासून या लष्करात आमची माणसं होती, आणि त्याही आधीपासून. आमचा खापरपणजा नाईक म्हणून परतला. घरात त्याची आठवण लढाईची नाही, वाचनाची आहे. तो ओटीवर बसून मोठ्याने पोथी वाचायचा, आणि गावातले लोक रस्त्यात थबकून ऐकायचे, कारण महाराच्या तोंडून अक्षरं ऐकायची कोणाला सवय नव्हती. तो वाचायला शिकला कुठे? पलटणीच्या शाळेत.

ही शाळा म्हणजे एक मोठी गोष्ट होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून लष्करातल्या देशी शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकवण्याची सक्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ याच वाटेने शिकले आणि पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले. त्यांच्या घरात अक्षर आलं ते लष्करामुळे, हे नाकारून चालणार नाही. गावातल्या शाळेचा उंबरा ज्यांना बंद होता त्यांना छावणीत पाटी मिळाली.

आणि छावणी बंद झाली की काय होतं, तेही दापोलीने पाहिलं. पेन्शनरांना आपली मुलं तिथल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत घालण्यासाठी अर्जावर अर्ज करावे लागले. राणीच्या फौजेत हुकूम सोडलेल्या माणसांची पोरं शाळेच्या व्हरांड्यात बसली.

मग १८९२ साली हुकूम निघाला की महारांची भरती बंद. लॉर्ड रॉबर्ट्स तेव्हा हिंदुस्थानचे सरसेनापती होते, १८८५ पासून १८९३ पर्यंत. त्यांच्या डोक्यात एक सिद्धांत पक्का बसला होता. काही जमाती लढवय्या आणि बाकीच्या नाहीत. उत्तरेकडचे शीख, पठाण, गुरखे, डोग्रे हे खरे शिपाई. मद्रासचे तमिळ-तेलुगू आणि मुंबईकडचे मराठे यांच्या जागी असे 'कणखर' लोक आणावेत, असं त्यांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणींत उघड लिहिलं. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या आणि त्या मांडणीत अस्पृश्यांना कंपनीच उरली नाही. कोरेगावचा खांब उभाच होता, त्यावर आमच्या लोकांची नावंही होती.

पण रॉबर्ट्सबद्दल मला याहून जास्त बोचतं ते वेगळंच, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. १८८० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले लष्करी सभासद जनरल जॉर्ज चेस्नी यांनी सुचवलं होतं की हिंदी तरुणांसाठी एक लष्करी महाविद्यालय काढावं आणि त्यांना खरे अधिकारी करावं. रॉबर्ट्सनी विरोध केला. हिंदी माणूस कितीही शिकलेला, हुशार, शूर असला तरी कोणत्याही हुद्द्याने तो गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा ठरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काही जमातींना दारातून आत घ्यायचं नाही आणि ज्यांना घेतलं त्यांच्या डोक्यावर छत ठोकायचं, ही दोन्ही कामं एकाच टेबलावरून झाली. पंजाबचा शीख सुभेदार-मेजर तीस वर्षं लढून पांढरा झाला तरी कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटाला त्याने सलाम ठोकायचा. त्या सुभेदाराला 'लढवय्या' म्हणत होते म्हणून त्याचं काही भलं झालं असं मला वाटत नाही. भरती करणाऱ्यांना हवा होता तो खेड्यातला, अंगाने धट्टाकट्टा, फार न शिकलेला गडी. शिकलेला शहरी मुलगा त्यांना नको होता. शिकलेला प्रश्न विचारतो.

आमच्याकडून प्रश्न विचारले गेले. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसक' काढलं. भरती बंद झाल्यावर १८९४ साली त्यांनी अर्ज तयार केला की आमच्या माणसांना पुन्हा लष्करात घ्या. रामजी सुभेदारांनीही हा हुकूम मागे घेतला जावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असं चरित्रकार नोंदवतात. वलंगकरांचा अर्ज मात्र गेलाच नाही, असं सांगतात. सह्या करायला पेन्शनर तयार होईनात. पेन्शन बंद पडली तर?

मी त्या पेन्शनरांत माझ्या खापरपणजाला बसवून पाहते. त्याने सही केली नसेल. घरात सहा तोंडं, पेन्शन हाच आधार. मला त्याचा राग येत नाही. आप्पा दरबारात उठले नाहीत त्याचाही येत नाही. ज्याच्या हातात आपली भाकरी त्याच्याकडे आपलं गाऱ्हाणं न्यायचं असतं, तेव्हा माणूस काय करतो हे ओटीवर बसून ठरवता येत नाही.

पण अर्जाचा मसुदा राहिला. तो आज अभ्यासक वाचतात. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला, की आम्हाला पोलिसात आणि फौजेत, निदान अगदी खालच्या पायरीवर तरी, घ्या. निदान खालच्या पायरीवर! ज्यांचे आजे सुभेदार होते त्यांनी हे मागायचं.

दार उघडलं ते महायुद्धाने. १९१७ च्या जूनमध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, माणसं कमी पडली म्हणून. माझा पणजा तिच्यात गेला. १९२१ पर्यंत पलटण बरखास्त. पणजा मुंबईच्या गोदीत पोती वाहायला लागला. त्याला एक अक्षर येत नव्हतं. लक्षात घ्या, त्याचा बाप ओटीवर पोथी वाचत होता आणि हा अंगठा लावत होता. भरतीबंदीचा हुकूम निघाला तेव्हा पणजा रांगत होता. पलटणीची शाळा त्याच्यासाठी नव्हती आणि गावच्या शाळेने त्याला व्हरांड्यावर दोन वर्षं बसवलं, मग तोच जायचा थांबला. त्या एका हुकमाने आमच्या घरातलं अक्षर एका पिढीपुरतं पुसलं. इतिहासाच्या पुस्तकात १८९२ हे भरतीबंदीचं साल म्हणून येतं. आमच्या घरात ते पोथी मिटल्याचं साल आहे.

आजोबा बेळगावला भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली होती. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते. आजोबा लष्करात वाचायला शिकले, पण काय? रोमन उर्दू. म्हणजे हिंदुस्तानी भाषा इंग्रजी अक्षरांत. तेव्हा सगळ्या फौजेला तीच लिपी शिकवत. आजोबांना बंदुकीच्या भागांची माहितीपुस्तिका वाचता यायची, गावातलं मराठी वर्तमानपत्र वाचता यायचं नाही. माझी आजी पत्रात काय लिहून घेते ते त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. मराठी ते शिकले निवृत्तीनंतर, आप्पांच्या पहिलीच्या पुस्तकावर, आप्पांच्या शेजारी बसून. बापलेक एकाच पाटीवर.

शिपायाला किती शिकवायचं, तर बंदूक नीट चालेल इतकं. हे माप साहेबांनी ठरवलेलं होतं. मला वाटतं आप्पांच्या कंपनी कमांडरच्या मनातही हेच माप होतं. तो वाईट माणूस नव्हता. आप्पा अजून त्याचं नाव आदराने घेतात, बर्फात अडकलेल्या गस्तीसाठी तो स्वतः निघाला होता म्हणून. पण चांगला जवान ही कंपनीची मालमत्ता आहे, आणि चांगला म्हणूनच तो सोडायचा नाही, हे त्याला इतकं स्वाभाविक वाटत होतं की त्यात काही काढून घेतलं जातंय असं त्याच्या मनातही आलं नाही.

वरचं छत एकोणीसाव्या शतकातल्यासारखं राहिलं नाही हेही खरं. १९१७ नंतर मूठभर हिंदी तरुणांना राजाचं कमिशन मिळालं, १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये डेहराडूनला अकादमी सुरू झाली. तिच्या पहिल्या चाळीस जागांपैकी पंधरा लष्करातल्या खालच्या रँकसाठी होत्या. पंधरा! गोऱ्यांच्या राज्यात, लढून लढून मिळवलेल्या. ज्या कॉलेजसाठी आप्पांनी सतराव्या पानापासून इंग्रजी शिकलं, त्याचंही मूळ त्याच काळातलं. बुंदेलखंडातल्या नौगावला १९२९ साली शिपायांच्या शिक्षणासाठी किचनर कॉलेज निघालं होतं. १९६० साली त्याचंच आर्मी कॅडेट कॉलेज झालं. दार तर होतं. कायद्याने, नियमाने, छापील जाहिरातीत होतं. फक्त दारापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर एक टेबल होतं.

आप्पा १९९६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. बेचाळीस वर्षांचे. मग बँकेत सुरक्षारक्षक. खाकीतून निळ्यात. दुपारी बँकेचं शटर अर्धं उतरलं की ते स्टुलावर बसून वाचायचे. पन्नाशीत त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीएला नाव घातलं. कोणाची शिफारस लागली नाही. फॉर्म, फोटो, फी. केंद्रावर फॉर्म भरून आले त्या दिवशी ते आईला दोनदा म्हणाले, "कोणी काही विचारलंच नाही गं."

परीक्षेला मी त्यांना सोडायला गेले होते. वर्गात बहुतेक अंगणवाडीच्या बाया, होमगार्ड, एक एसटीचा कंडक्टर. आप्पा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला दोन पेनं, पहिल्या बाकावर ताठ बसलेले. पर्यवेक्षक आत आला तसे ते खाडकन उभे राहिले. अख्ख्या वर्गात एकटेच. पर्यवेक्षक गडबडला आणि म्हणाला, "बसा काका, बसा."

इतिहासात त्यांना छप्पन्न गुण मिळाले. गुणपत्रिका लॅमिनेट करून घेतली आहे.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला होता, तो आमच्याच वस्तीतला. पुढे अग्निवीर म्हणून गेला. चार वर्षांची नोकरी, आणि चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसांना पुढे ठेवणार. उरलेल्यांनी बाहेर पडून नव्याने उभं राहायचं. त्याला भरतीच्या वेळी सांगितलं होतं की शिक्षण चालू ठेवता येईल. दहावीवाल्यांना मुक्त विद्यालयातून बारावी, बारावीवाल्यांना इग्नूतून पदवी, लष्करातल्या प्रशिक्षणाचेही गुण त्यात धरणार. योजना चांगली आहे, मला मनापासून तसं वाटतं. ज्याला चार वर्षांनी बाहेर काढायचं त्याला हातात काहीतरी देऊन काढलं पाहिजे. पण त्या पंचाहत्तरांसाठी शिक्षण ही बक्षिसी नाही, तोच त्यांचा उरलेला पगार आहे. आप्पांना निदान चोवीस वर्षांच्या नोकरीची पेन्शन होती. या पोराची एक परीक्षा हुकली तर चारातलं एक वर्ष गेलं.

गेल्या महिन्यात रात्री नऊला त्याचा फोन आला. मला नाही, आप्पांना. परीक्षेच्या तारखा आल्या होत्या, सुट्टी मागायची होती. वरच्यांना सांगितलं तर "देखेंगे" म्हणाले. पुन्हा विचारलं तर पुन्हा "देखेंगे". आता पुन्हा विचारावं की नाही, विचारलं तर नाव खराब होईल का, असं तो विचारत होता. मागे कोणाची तरी शिट्टी ऐकू येत होती.

आप्पांनी टीव्ही बंद केला. चष्मा लावला, जणू कागद त्यांच्याच समोर आहे.

"तोंडी विचारू नको आता. लिहून दे. कागद आहे का जवळ? हां. लिही, सेवा में, श्रीमान कंपनी कमांडर साहब. खाली विषय. परीक्षेसाठी सुट्टी म्हणून लिही. तुझा नंबर, रँक, नाव पूर्ण लिही. परीक्षेच्या तारखा चारही लिही, हॉल तिकिटाची झेरॉक्स जोड. सविनय निवेदन है..."

त्यांचा आवाज बदलला होता. एकेक शब्द सुटा, ठाम, राइटरचा. पोरगा लिहीत होता आणि आप्पा थांबत होते, त्याचा हात चालेल तेवढं.

"झालं? आज की तारीख घातलीस का वर? घाल. आता सही कर. केलीस?" मग थोडं थांबून म्हणाले, "आता ह्याची आणखी एक प्रत काढ. अशीच्या अशी. ती द्यायची नाही कोणाला. पेटीत ठेव."